खानदेशात राहून जहाजांची मॉडेल्स करायची आहेत. पहिलं किट लाकडी घ्यावं की प्लास्टिकचं? खर्च किती येतो?

प्लास्टिकचं घ्या. विषय संपला.

पण तुम्ही प्रश्नात पुढे लिहिलंय, "लाकडी किट म्हणजे खरी कारागिरी आणि प्लास्टिक म्हणजे खेळणं, असं सगळेच म्हणतात." सगळे कोण हो? माझ्या माहितीत असं म्हणणारा एकच माणूस आहे, आमचे दाजी. हे वाक्य मी सहा वर्षं ऐकतोय, म्हणून दुकान बंद करून लिहायला बसलो.

मी अमळनेरचा. मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर तांब्याची तार गुंडाळायची आणि रात्री जेवण झालं की चिमटा घेऊन जहाजावर बसायचं. गावात बोरी नदी आहे, पण पावसाळा सोडला तर तिच्यात कागदाची होडीही अडकेल. दाजी धुळ्याचे, निवृत्त कलाशिक्षक. कपाटात माझी टामिया या जपानी कंपनीच्या किटची, १/३५० मापाची (म्हणजे खऱ्या जहाजाच्या साडेतीनशेपट लहान) फ्लेचर होती. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात या वर्गाच्या १७५ विनाशिका बांधल्या. मॉडेल फुटापेक्षा जरा मोठं, ३३ सेंटिमीटर. दाजींनी ते हातात घेऊन उलटं करून पाहिलं (उलटं! रडारची जाळी वाकली) आणि म्हणाले, "साच्यातून काढलेलं जोडायला काय अक्कल लागते? मुंबईत वाडियांनी १८१७ साली सागवानात बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. जहाज म्हणजे लाकूड."

घरचा जावई माणूस. तोंडावर काय बोलणार? आठच दिवसांत मी लाकडी व्हिक्टरी मागवली. तीच ब्रिटिश युद्धनौका, १८०५ च्या ट्रॅफल्गरच्या लढाईतली, नेल्सनची, १०४ तोफांची. पहिलंच लाकडी किट व्हिक्टरीचं घेणं म्हणजे सायकल शिकायला कन्नडचा घाट निवडण्यासारखं, पण दाजींना दाखवायचं होतं ना.

श्रावणात फळ्या बसवायला घेतल्या. फळ्या कसल्या, पट्ट्याच. मधल्या कण्यावर आडव्या फासळ्या आणि त्यांच्यावर पट्ट्यांचे दोन थर, आत लिंडनचा जाड आणि वर अक्रोडाचा कागदासारखा पातळ. व्हिक्टरीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, गोलमटोल, तिथे पट्टी सरळ वळतच नाही. कोमट पाण्यात बुडवायची, बोटांनी दाबत वाकवायची, टाचणीने अडकवायची, सरस लावायचा. एका रात्री चार पट्ट्या झाल्या तर डोक्यावरून पाणी. डिसेंबरमध्ये सांगाडा पूर्ण झाकला, घासला, तेल लावलं. हात फिरवला की एक सांधा लागत नव्हता. त्या दिवशी मला दाजींचं म्हणणं पटलं होतं, हे कबूल करतो.

मग एप्रिल आला. आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास गेला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. एका दुपारी खोलीत "टक्" असा आवाज आला. मला वाटलं पाल पडली. पाचेक मिनिटांनी पुन्हा टक्. जाऊन पाहिलं तर नाळेजवळ तिसऱ्या-चौथ्या पट्टीत पोस्टकार्ड सहज सरकेल एवढी फट. आठवडाभरात अशा सात. एका बाजूला कूलरची ओली हवा आणि दुसऱ्या बाजूला खिडकीची झळ. मधे ते लाकूड बिचारं, भरताच्या वांग्यासारखं तडकलं.

वैशाखात सखाराम महाराजांच्या रथाला ताई-दाजी आले. दाजींनी चष्मा लावला, फटीत नख घातलं आणि म्हणाले, "सरस पातळ केलास." बस्स. आईने तर आधीच निकाल दिला होता: "इतला पैसा पानीमा घाला, आनि हाई जहाज तं पानीमा तरस बी नही."

आता मला दाजींच्या तोंडावर जे बोलता आलं नाही ते इथे लिहितो. ट्रिंकोमाली टिकली कारण ती सागाची आहे. साग मुळात तेलकट, हवामान बदललं तरी कमी हलतो. आपल्या सातपुड्यातही साग आहे, पण किटच्या खोक्यात तो येत नाही. खोक्यात येणारं लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. शिवाय खरं जहाज पाण्यात उभं असतं, माझं कूलरसमोर होतं. आणि कारागिरीचंच म्हणाल तर १/३५० च्या जहाजाचं पितळी रेलिंग तीन मिलिमीटर उंच असतं आणि त्यात तीन आडव्या तारा. ते डेकच्या कडेला सरळ चिकटवून दाखवा, मग खेळणं म्हणा. अँटेनाच्या तारांना मी दुकानातलीच सगळ्यात बारीक इनॅमलची तार वापरतो. बाहेरून मागवलेल्या दोऱ्यापेक्षा ती ताठ बसते.

तुमच्या कामाचं थोडं. उन्हाळ्यात अॅक्रिलिक रंग एअरब्रशच्या (रंग फवारायच्या बारीक पिचकारीच्या) तोंडातच वाळतो. रिटार्डर (रंग हळू वाळावा म्हणून मिसळायचं द्रव) घाला किंवा पहाटे पाचला उठून मारा. फेविक्विक हवेतल्या ओलाव्यावर पकडतं, म्हणून मे महिन्यात जास्त वेळ घेतं; तोंडाची वाफ द्या. जिनिंग जवळ असेल तर कापसाच्या हंगामात खिडकी लावूनच वार्निश मारा, नाहीतर जहाजाला मिशा फुटतात. सीलिंग फॅन बंद. मोझॅकची फरशी असेल तर खाली पांढरी चादर अंथरा. माझ्या फ्लेचरचा एक नांगर त्या ठिपक्यांमध्ये २०१९ पासून आहे.

खर्चाचं म्हणाल तर किटची जी किंमत असेल तेवढेच पैसे पुन्हा रंग, कटर, चिमटे यांना धरा. एअरब्रश-कंप्रेसर वेगळा, बाहेरून मागवलं तर कस्टम ड्युटी वेगळी.

एक सांगायचं राहिलं. नाळेच्या पट्ट्या मी भिजवून वाकवल्या आणि पुरत्या वाळायच्या आधीच चिकटवल्या. त्या रात्रभर तशाच वाळू द्यायच्या असतात, किटच्या कागदावर तसं छापलेलं होतं. घाई मला होती, दाजींना नव्हती. तेव्हा कोणी नीट धीराने लाकडी किट केलं तर इथेही टिकत असेल. पण पहिलं प्लास्टिकचंच घ्या.

व्हिक्टरी आता धान्याच्या कोठीवर ठेवली आहे, डोलकाठ्यांशिवाय. पावसाळा लागला की लाकूड फुगतं आणि फटी बऱ्याच मिटतात. ताई-दाजी राखीला येतात ते नेमके तेव्हा. दरवर्षी दाजी नाळेवरून बोट फिरवतात आणि विचारतात, "कुठाय रे तुझी फट?"