सतराव्या क्लस्टरबद्दल

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. फळमाशीच्या मेंदूतल्या एकेका पेशीचा आरएनए, म्हणजे चालू जनुकांच्या प्रती, वाचून तू सारख्या पेशींचे गट, म्हणजे क्लस्टर, पाडलेस; त्यातल्या सतराव्या क्लस्टरचे दोन तुकडे झालेत. तुझ्या गाइडना त्यात नव्या प्रकारचा न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, दिसतोय. विश्लेषण करणारा सहकारी म्हणतो, अल्गोरिदमने वेगळे काढले म्हणजे वेगळेच असणार. आणि शेवटी तू लिहिलंस की आता मायक्रोस्कोपवर मान मोडण्यापेक्षा नुसतं विश्लेषणच करावं, डेटा काय, सगळा खुला आहे. त्या शेवटच्या ओळीमुळे हे पत्र लिहायला बसले.

माशीकडे परत जा. बाकीचं त्यानंतर.

तू पाठवलेली जनुकांची यादी पाहिली. दुसऱ्या तुकड्याला वेगळं पाडणाऱ्या पहिल्या सात नावांत चार एचएसपी आहेत, शिवाय एचआर३८ आणि स्ट्राइप. अगं, ही तर ओळखीची मंडळी! एचएसपी, म्हणजे हीट-शॉक प्रथिनांची जनुकं, उष्णतेने, ताणाने वर येतात. एचआर३८ आणि स्ट्राइप न्यूरॉन उत्तेजित झाला की वर येतात. आपण मेंदू बाहेर काढतो, एन्झाइममध्ये उबेला ठेवतो, पिपेटने वरखाली करून पेशी सुट्या करतो. त्या पेशीवर या सगळ्यात जे गुदरतं ते तिच्या आरएनएत उतरतं, आणि आपण तेच वाचून तिला नाव देतो. तुझ्याच तक्त्यात त्या तुकड्यातल्या जवळजवळ सगळ्या पेशी दुसऱ्या बॅचच्या आहेत. त्या दिवशी डिसेक्शनला किती वाजता बसलीस? पहिला मेंदू काढल्यापासून शेवटचा काढेपर्यंत किती वेळ गेला? यातलं एक अक्षर मेलमध्ये नाही. पेशींचे ठिपके सारखेपणानुसार मांडणारी यूएमएपीची चित्रं मात्र तीन!

मी रागावले आहे असं वाटेल. थोडी आहेच, पण तुझ्यावर नाही. २०१९ साली माझ्याकडेही असाच एक क्लस्टर होता. सुंदर, सुटा, बाकीच्या ढगापासून लांब तरंगणारा. मी त्याला नाव दिलं. एका परिषदेत पोस्टर लावलं. माझ्या विद्यार्थिनीने त्याच्यासाठी स्प्लिट-गॅल४च्या माशा तयार करण्यात चौदा महिने घातले. गॅल४ म्हणजे दुसरं जनुक चालू करणारं प्रथिन; दोन जनुकांच्या ताब्यात त्याचे दोन अर्धे द्यायचे, दोन्ही जनुकं ज्या पेशीत चालू असतील तीच उजळते. तुला माहीत आहे हे. उजळलं काय? इथे चार, तिथे सहा, प्रत्येक माशीत निराळ्या पेशी. मग मी जुनी वही काढली. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: मशीन उशिरा मिळालं, पेशी चाळीस मिनिटं थांबल्या. म्हणजे मी नाव दिलं होतं ते त्या चाळीस मिनिटांना. वही पहिल्याच आठवड्यात उघडली असती, चार मेंदू रंगवून पाहिले असते, तर त्या मुलीचे चौदा महिने वाचले असते. तिने मला कधी बोलून दाखवलं नाही. ते मला अजून टोचतं.

म्हणून सांगते, माशीकडे परत जा.

आणि चूक फक्त एकाच दिशेने होते असं समजू नकोस. २०१७ साली स्टॅनफर्डमधल्या लिकुन लुओ यांच्या गटाने वासाची माहिती पुढे नेणारे प्रोजेक्शन न्यूरॉन एकेक करून वाचले. जवळच्या प्रकारांमधला फरक सर्वांत ठळक दिसला तो कोषावस्थेत, जोडण्या बांधल्या जात असताना. प्रौढ माशीत तेच प्रकार आरएनएवरून वेगळे ओळखू येईनात. जोडण्या वेगळ्या, काम वेगळं, आणि तुझ्या चित्रावर एकच ठिपक्यांचा ढीग. तेव्हा दोन तुकडे पडले म्हणून दोन न्यूरॉन नव्हेत, आणि एक ढीग दिसला म्हणून एकच न्यूरॉनही नव्हे. २०२४ साली प्रौढ मादी माशीच्या अख्ख्या मेंदूचा जोडणी-नकाशा आला: १,३९,२५५ न्यूरॉन, ८,४०० हून जास्त प्रकार. कित्येक प्रकारांचा मेंदूत डावीकडे एक आणि उजवीकडे एक, एवढाच संसार. तुझे क्लस्टर आहेत शंभराच्या आसपास. एकेका क्लस्टरमध्ये किती प्रकार दाटीने बसलेले असतील, तूच विचार कर. हा प्रश्न रिझोल्यूशनचा, म्हणजे गट किती बारीक पाडायचे त्याचा, आकडा ०.८ वरून १.२ वर नेऊन सुटत नाही, कितीही वेळा नेलास तरी.

खुल्या डेटाबद्दल. अख्ख्या माशीच्या पेशींचा खुला संग्रह, फ्लाय सेल अॅटलस, २०२२ साली आला तेव्हा मला किती आनंद झाला होता! पेशींची ५,८०,००० केंद्रकं, अडीचशेहून जास्त पेशीप्रकार. मी तो आठवड्यातून दोनदा तरी उघडते. तूही जरूर वापर. पण तुझ्या सतराव्या क्लस्टरला तिथे जोडीदार सापडला, तरी त्याने एवढंच कळेल की आणखी कुणालातरी तसंच दिसलं. ती पेशी मेंदूत बसते कुठे, तिचा तंतू जातो कुठे, हे माशीच सांगणार. कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी आणि वेरोनिका रॉड्रिग्स यांनी १९७०च्या दशकात वास आणि चव न कळणाऱ्या माशा वेगळ्या काढल्या, त्या माशा कुठे जातात, कुठे जात नाहीत हे बघून. आरएनए वाचण्याची सोयच नव्हती म्हणून, असं तू म्हणशील. असेल. पण सोय आली म्हणून बघणं सोडायचं, हे मला पटत नाही, पटणारही नाही.

तुझ्या कानावर आलंच असेल, तर मीच सांगते. २०१९च्या त्या क्लस्टरच्या प्रकरणानंतर मी एका विद्यार्थ्याचा पेपर दीड वर्ष अडवून धरला. प्रत्येक प्रकार माशीत दिसल्याशिवाय पाठवायचा नाही म्हणून बसले. तेवढ्यात दुसऱ्या गटाचा पेपर आला आणि आमचा मागे पडला. मी हट्टाने त्याचं नुकसान केलं असं लोक म्हणतात. नुकसान झालं, ते मी नाकारत नाही. पण आमच्या पेपरातल्या अकरापैकी अकरा प्रकारांवर आज लोक विसंबून प्रयोग करतात. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा अडवीन. फक्त त्याला शेजारी बसवून आधीच सांगेन की का अडवते आहे. ते मी केलं नव्हतं.

गाइडशी भांडू नकोस. त्यांना अनुदानाचा अहवाल द्यायचा आहे, त्यांची घाई खोटी नाही. तीन आठवडे माग. एचएसपी सोडून त्या तुकड्यात जी एक-दोन जनुकं वेगळी उरतात, त्यांच्या गॅल४ माशा स्टॉक सेंटरमधून मागव. पुढची बॅच पहिल्या बॅचच्याच वेळेला लाव, कारण पीरियड आणि टाइमलेस ही शरीरातल्या घड्याळाची जनुकं दिवसभर एका पातळीवर राहत नाहीत. एकाने डिसेक्शन करायचं, दुसऱ्याने घड्याळ बघून वहीत लिहायचं. आणि त्या बॅचमधले सहा मेंदू सुटे करू नकोस, अख्खे रंगव. रविवारी रात्री मला पहिल्या बॅचच्या वहीच्या पानाचा फोटो पाठव. सोमवारी सकाळी मी फोनवर आहे.