हर्णेहून आलायस ना, मग यमकं राहू दे जरा

अरे वा, पहिलंच गाणं सुचतंय म्हणतोस, मस्तच! पण यमकं जुळवायची घाई नको, आधी वहीत फक्त काय दिसलं, काय ऐकलं ते लिही. कोकणातल्या हर्णे बंदरावरचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघितलास ना, होडीतला माल बैलगाडीत चढतोय, चाक अर्धं पाण्यात, बैल लाटेकडे पाठ करून उभा, अरे हेच लिही की! 'अथांग सागर, बेभान लाटा' सगळेच लिहितात, मीपण लिहिलंय, ती वही माळ्यावर आहे.

बाकी सध्या एवढंच बघ:
- ध्रुवपद दोन ओळींचं, अंतरे दोन, बास. माझ्या पहिल्या गाण्यात सात होते, तिसऱ्याला घरचे चहा ठेवायला उठले.
- ६ मात्रांचा दादरा ताल घे, होडीसारखा डुलतो. टाळी देत ओळ म्हण, जीभ अडखळेल तो शब्द बदल.
- कोळी बोली येत नसेल तर उगाच 'गो' नि 'रं' घुसवू नको.

राग, कॉर्ड वगैरे नंतर बघू. चाल सुचली की लगेच मोबाईलवर गुणगुणून ठेव, सकाळी आठवत नाही, खरंच सांगतो. आणि लिलावात बोली पुकारायचा तो सूर आठवतोय का? ध्रुवपद तिथूनच सुरू करून बघ.