सीईटी पुढच्या वर्षी देता येईल, बारावीचा पेपर यंदाच द्यायचा

पत्र (थोडक्यात): मुलगा बारावी सायन्सला आहे, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित). दहावीला ८१ टक्के होते. अकरावीपासून इंटिग्रेटेड क्लास (बोर्ड आणि प्रवेश परीक्षेची तयारी एकत्र) लावला, कॉलेजात नावापुरता प्रवेश. सहामाहीत ५० पैकी फिजिक्सला ११, गणिताला ९, केमिस्ट्रीला १७. दिवाळीनंतर क्लासलाही जात नाही. रात्री दोनपर्यंत मोबाइल. "यंदा परीक्षाच देत नाही, ड्रॉप घेतो" म्हणतो. त्याचे बाबा म्हणतात, फॉर्म भरलाय, बसावंच लागेल. रोज जेवताना भांडण होतं. काय करू? – एक आई, सातारा जिल्हा

ताई, नमस्कार.

तुमच्या घरातल्या भांडणात दोन परीक्षांची गल्लत झाली आहे: बोर्डाची बारावी आणि इंजिनिअरिंग प्रवेशाची सीईटी. प्रवेश परीक्षेसाठी वर्षभर थांबणारी मुलं आधी बारावी पास होतात, मग थांबतात. बारावीलाच न बसणाऱ्याच्या हातात वर्षाच्या शेवटी काहीच नसतं, आणि पुढच्या फेब्रुवारीत तेच सहा विषय पुन्हा उभे राहतात. म्हणून त्याला सरळ सांगा: "सीईटीचं यंदा विचारणार नाही. बारावी मात्र पूर्ण करायची." हे त्याच्या बाबांनी सांगितलं तर जास्त बरं. दबाव त्यांच्याकडून येतोय, तेव्हा तो उतरवायचाही त्यांनीच.

आता आकडे बघू, कारण मुलगा घाबरलाय तो आकड्यांना, आणि बोर्डाचे आकडे क्लासच्या टेस्टइतके भीतीदायक नाहीत. फिजिक्स आणि केमिस्ट्री प्रत्येकी ७० गुण लेखी, ३० प्रात्यक्षिक. गणित ८० लेखी, २० अंतर्गत. दोन्ही मिळून ३५ झाले की विषय सुटतो. जर्नल (प्रयोगवही) पूर्ण असेल आणि प्रात्यक्षिकात २२ मिळाले, तर फिजिक्सच्या लेखी पेपरात १३ हवेत. त्या पेपरातला 'अ' विभागच १८ गुणांचा असतो: १० बहुपर्यायी आणि ८ एका-एका गुणाचे. गणिताचा 'अ' विभाग २० गुणांचा. पुढच्या विभागांत पर्याय भरपूर: दोन गुणांचे १२ पैकी ८, तीन गुणांचे १२ पैकी ८, चार गुणांचे गणितात ८ पैकी ५ आणि फिजिक्स-केमिस्ट्रीत ५ पैकी ३. म्हणजे निम्मा अभ्यासक्रम नीट झाला तरी पेपर सोडवता येतो. तरीही घरी लेखीचं लक्ष्य ३० ठेवा. काठावरचं लक्ष्य ठेवलं की दोन बहुपर्यायी चुकले तरी विषय जातो.

सगळं गणित जर्नलवर उभं आहे, आणि इंटिग्रेटेडवाल्या मुलांचं नेमकं तेच अर्धवट असतं. त्यामुळे अभ्यासाचं वेळापत्रक बनवण्याआधी कॉलेजात जा. त्याला सोबत न्या, पण बोला तुम्ही. वर्गशिक्षकांना तीन गोष्टी विचारा: हजेरी किती भरते (नियम ७५ टक्क्यांचा आहे, कमी असेल तर आताच मार्ग काढायचा, हॉल तिकीट अडल्यावर नाही), कोणकोणते प्रयोग राहिलेत, आणि सराव परीक्षा कधी. प्रात्यक्षिकं साधारण जानेवारीच्या शेवटी सुरू होतात, लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. राहिलेले प्रयोग डिसेंबरमध्येच करून घ्यावेत. जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवलं तर तोंडी परीक्षेत पहिल्या दोन प्रश्नांत कळतं.

क्लासचे पैसे भरलेत, ते वसूल करण्यासाठी त्याला तिथे पाठवू नका. जेईईच्या (आयआयटी वगैरेंच्या प्रवेश परीक्षेच्या) बॅचमध्ये मागे पडलेला मुलगा रोज फक्त आपण मागे आहोत एवढंच शिकतो. बोर्डाची वेगळी बॅच असेल तर तिथे बदलून घ्या, नसेल तर गावातला गणित-फिजिक्स शिकवणारा एक माणूस आठवड्यात चार दिवस पुरे.

घरी रोज तीन तास, पाऊण-पाऊण तासाचे चार भाग. हातात बालभारतीचं पुस्तक आणि मागच्या वर्षांच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिका, बाकी जाडजूड साहित्य कपाटात. गणितात सुरुवात तर्कशास्त्र, मॅट्रिक्स, लिनिअर प्रोग्रॅमिंग, संभाव्यता वितरण आणि द्विपद वितरणापासून. यांना अकरावीचा पाया फारसा लागत नाही, आणि त्याचा नेमका तोच कच्चा असणार. इंटिग्रेशन त्यानंतर. फिजिक्समध्ये सेमीकंडक्टर, अणू आणि अणुकेंद्रक, ड्युअल नेचर, विद्युत प्रवाह. केमिस्ट्रीत पॉलिमर, ग्रीन केमिस्ट्री, बायोमॉलिक्युल्स हे छोटे धडे आधी. फिजिक्समधल्या रोटेशनल डायनॅमिक्ससारखं जड काही पहिल्या महिन्यात नको. इंग्रजी विसरू नका. सायन्सच्या नादात इंग्रजीत अडकणारी मुलं दरवर्षी असतात, आणि तिथे प्रात्यक्षिक नसतं, तोंडी परीक्षेचे २० गुणच असतात.

जानेवारीपासून आठवड्यात दोन पेपर घड्याळ लावून लिहायचे. बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं, पहिल्यांदा लिहिलेलंच धरतात, प्रत्येक विभाग नव्या पानावर. या सवयी वाचून लागत नाहीत.

मोबाइल हिसकावू नका. रात्री अकराला सगळ्यांचेच फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, तुमचाही आणि त्याच्या बाबांचाही. जेवताना अभ्यासाचा विषय बंद. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी म्हणा, अर्धा तास बसून काय झालं आणि काय अडलं एवढंच विचारा. मावशीच्या मुलाचा पर्सेंटाइल त्यात आणायचा नाही.

दहावीला ८१ टक्क्यांचा मुलगा असा एकदम थांबतो तेव्हा त्याला आळस म्हणून मोकळं होऊ नये. झोप पूर्ण उलटी झालीय का, जेवण तुटलंय का, मित्र सुटलेत का, बघा. दोन आठवड्यांहून जास्त असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. "जगून काय करू" अशा धर्तीचं एखादं वाक्य जरी कानावर आलं तरी वाट न बघता. त्याला एकटं सोडू नका आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. अशा वेळी परीक्षा दुय्यम.

त्याच्या बाबांचा प्रश्न असेल, ३५-४० टक्के घेऊन करायचं काय? इंजिनिअरिंगला पीसीएममध्ये ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. तेवढे नाही पडले तर गुणसुधार योजनेत पुन्हा बसता येतं. शिवाय बारावी सायन्स पास मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. बीएस्सी, बीकॉम, बीए आहेतच. कदाचित त्याला इंजिनिअर व्हायचंच नसेल. ते निकालानंतर शांतपणे विचारा.

एक-दोन विषय गेलेच तर पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते आणि फक्त राहिलेलेच विषय द्यायचे असतात. तेही जमलं नाही तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. तिथे पाच विषय लागतात, राज्य मंडळात पास झालेले दोन विषय तिकडे जोडता येतात, परीक्षा वर्षातून दोनदा, नोंदणी पाच वर्षं चालते. "पासची हमी" देणाऱ्या एजंटाकडे मात्र फिरकू नका, अर्ज थेट संकेतस्थळावरून भरता येतो.

हे दुसरे रस्ते मुलाला आत्ताच सांगा. नापास झालो तर संपलं, असं वाटणारा मुलगा हॉलपर्यंत जात नाही. आणि सोमवारी कॉलेजला जाताना प्रत्येक विषयाचं जर्नल पिशवीत घ्या, कोरं असलं तरी.