बाथरूमची कडी

"मॅडम, स्वतःसाठी काही केलं ना की मला चोरी केल्यासारखं वाटतं." हे वाक्य मी समुपदेशक म्हणून माझ्या खुर्चीत बसून इतक्या जणींकडून ऐकलंय की आता दारातून आत येणारीच्या चेहऱ्यावरूनच अंदाज येतो. कुणाला दुपारी झोपल्याचं वाईट वाटतं, कुणाला एकटीने भेळ खाल्ल्याचं. आज ज्या ताईंबद्दल लिहितेय त्यांना क्रॉस स्टिचचं आणि आंघोळीचं वाटत होतं. त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वय पन्नाशीच्या आतबाहेर. सासूबाई अर्धांगवायूने साडेतीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, सगळं ताईंनीच केलं. कूस बदलणं, भरवणं, डायपर, रात्री दोनदा उठणं. सासूबाई जाऊन पाच महिने झाले होते तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. तक्रार काय तर झोप लागत नाही आणि सारखं रडू येतं. पहिले दोन-तीन महिने तर छान झोप लागत होती म्हणे, म्हणजे दुःख उशिरा आलं का, असं त्या मलाच विचारत होत्या.

हळूहळू कळलं की मधल्या काळात त्यांनी दोन गोष्टी सुरू केल्या होत्या. एक म्हणजे शाळेत शिकलेला फुलीचा टाका, म्हणजेच क्रॉस स्टिच. मॅटीचं, म्हणजे चौकोनी घरांचं कापड आणलं, रिंग आणली, अँकरच्या दोऱ्याच्या लड्या आणल्या, आणि मोर भरायला घेतला. दुसरं म्हणजे एक गुलाबाचा साबण आणि वाळा घातलेलं उटणं आणलं, आणि दुपारी घरात कुणी नसताना बादलीभर ऊन पाण्याने सावकाश आंघोळ. बस्स, एवढंच. आणि हा साबण त्यांनी कुठे ठेवला होता तर कपाटात, सासूबाईंच्या उरलेल्या डायपरच्या पाकिटामागे. म्हणजे कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. हे सांगताना त्या इतक्या खाली बघत होत्या की मला पुढचं विचारवेना.

त्यात नणंदेने एकदा मोर बघितला आणि म्हणाली, "वर्षही झालं नाही गं अजून." त्या वर्षी त्यांच्याकडे दिवाळी नव्हतीच, फराळ नाही, कंदील नाही, अभ्यंगस्नान नाही. आणि या बाईने मात्र ऐन आश्विनात उटणं लावलेलं. झोप गेली ती त्या दिवसापासून.

इथे एक मला मुद्दाम सांगायचंय. दुखवट्याचे नियम पाळायचे की नाही हे ज्याचं त्याचं, मी त्यात पडत नाही. सण न करणं ही गेलेल्या माणसाबद्दलची रीत आहे आणि ताईंना ती पाळायची होती, पाळलीच त्यांनी. पण साडेतीन वर्षं दुसऱ्याचा देह उचलून दुखणारी पाठ ऊन पाण्याने शेकणं म्हणजे सण नाही ना.

खरी गाठ वेगळीच होती, ती तिसऱ्या भेटीत सुटली. "त्या गेल्या ना, सगळं आटोपल्यावर त्या रात्री मी आठ तास झोपले. सकाळी जाग आली आणि बरं वाटलं. आणि मग स्वतःची शिसारी आली."

दीर्घ आजारपणात सेवा केलेल्या माणसाला शेवटी सुटल्यासारखं वाटणं, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय, बायकांमध्ये, पुरुषांमध्ये, अगदी जिवापाड प्रेम करणाऱ्यांमध्येसुद्धा. दुःख आणि सुटका एकाच वेळी असतात, एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही. पण आपल्याकडे सुटकेचा उच्चार करायची सोय नाही, मग ती अशी साबणाच्या वडीत जाऊन लपते.

आता माझी चूक सांगते. मी त्यांना सांगितलं होतं, रोज अर्धा तास स्वतःसाठी काढा आणि वहीत लिहा. याला आधार आहे, पीटर लेविनसोन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात उदास माणसांसोबत काम करताना हेच मांडलं की सुखाच्या लहान गोष्टी आयुष्यातून गळत गेल्या की मन खचत जातं, म्हणून मन होईपर्यंत थांबू नका, आधी त्या गोष्टी परत आणा. त्यांच्या टीमने अशा सुखाच्या 320 गोष्टींची यादीच बनवली होती. तर ताई पंधरा दिवसांनी वही घेऊन आल्या. सगळ्या दिवसांसमोर बरोबरच्या खुणा, एकही चुकलेली नाही, आणि चेहरा मात्र पहिल्या दिवशीपेक्षा थकलेला. मी सहज वहीची मागची पानं उलटली. सहा, दहा, दोन, सहा, दहा. सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा. तीच वही होती. त्याच हाताने, तशाच खुणा. मी त्यांच्या सुखाचंही औषध-पाणी करून टाकलं होतं. वही तिथेच बंद केली आम्ही.

मग मी मोराबद्दल विचारायला लागले, नुसतंच. आणि बाई बोलायला लागल्या. लडीत सहा पदर असतात, त्यातले दोनच काढून घ्यायचे, सगळे ओढले की गुंता. सुई बोथट टोकाची. इंचाला 14 घरं असलेलं कापड घेतलं तर सहा इंचाच्या चौकोनात 7,056 फुल्या बसतात, हा हिशोब त्यांनी माझ्यासमोर तोंडी केला. आणि प्रत्येक फुलीचा खालचा टाका एकाच दिशेला हवा, वरचाही सगळ्यांचा एकाच दिशेला, नाहीतर दोऱ्याची चमक तुटते आणि लांबून डाग पडल्यासारखं दिसतं. मी विचारलं, भरताना सासूबाईंचा विचार येतो का? त्या थांबल्या. "घरं मोजताना नाही येत. मोजून झालं की येतो." मग म्हटलं, येऊ द्या. त्याला घालवायचा नाही आणि त्याच्यासाठी सुईही खाली ठेवायची नाही. अपराधी वाटतंय म्हणजे अपराध केलाच आहे असं थोडंच आहे.

मिस्टरांनी मध्येच एक सुचवलं, एवढं छान करतेस तर ऑर्डरी घे, चार पैसे येतील. चांगल्या मनाने म्हणाले ते. ताईंना पटलंही, कारण मग ते काम झालं असतं आणि कामाला अपराध नसतो! मी थांबवलं. विकायचं तर पुढे विका की, छानच आहे, पण आत्ता नको. आत्ता हा मोर कुणाच्याच उपयोगाचा नसला पाहिजे.

त्या एकदा असंही म्हणाल्या, आईंना हे बघून बरंच वाटलं असतं असं समजू का? मी नाही म्हटलं. कारण सासूबाईंना ते आवडलं नसतं, ताईंनीच आधी सांगितलं होतं मला, दुपारी हातात सुई दिसली की सासूबाई करवादायच्या. खोटी परवानगी कशाला मिळवायची. त्यांना आवडलं नसतं, आणि तरी तुम्ही भरू शकता. या वाक्यावर ताई बराच वेळ गप्प होत्या.

आंघोळीचं जास्त अवघड निघालं. साडेतीन वर्षं त्यांनी चार मिनिटांत आंघोळ उरकलेली, दार लोटून, कडी न लावता, कारण आतून हाक आली तर ऐकू यायला हवी. आणि आता घरात कुणी नसताना, वीस मिनिटं सावकाश बसूनसुद्धा, कडी उघडीच. कान दाराकडेच. मला सांगा, उटणं कितीही सुवासिक असलं तरी अंगाला कसं लागणार? आम्ही ठरवलं, रोज नाही, जमेल तेव्हा, फक्त कडी लावायची. पहिल्या दिवशी छातीत धडधड झाली, अर्ध्यात बाहेर आल्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी बादली संपेपर्यंत बसल्या. झोपेसाठी म्हणून मी वेळ दुपारची बदलून झोपायच्या तास-दीड तास आधीची सुचवली. ऊन पाण्याने हातापायाच्या कातडीकडे रक्त येतं, तिथून उष्णता बाहेर पडते आणि मग शरीर आतून थोडं निवतं, त्या निवण्यासोबत झोप येते. अगदी कढत नको, सोसवेल इतपत. त्यांना याचा फरक पडला, आठवड्याभरात नाही, पण पडला.

मला नेहमी विचारतात, मग छंदात बुडून जाणं बरं की वाईट, कसं ओळखायचं? मी बघते ते एवढंच. जेवण-झोप सुटतेय का, पैसे उसने घेऊन दोरे-साबण येतायत का, माणसं टाळायला ते वापरलं जातंय का, आणि मुख्य म्हणजे त्यात पूर्वी मिळायचा तो आनंद मिळतोय की नुसते हात चालतायत. हातच चालत असतील आणि जगणं नकोसं वाटत असेल तर तिथे छंदाने भागत नाही, डॉक्टरांना भेटावं लागतं, आणि लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, 14416, मराठीतही बोलता येतं.

उरलेलं डायपरचं पाकीट ताईंनी शेवटी खालच्या मजल्यावरच्या बाईंना दिलं, त्यांच्या वडिलांना लागत होतं. साबण आता बाथरूममध्येच असतो, खिडकीत.

परवा त्या आल्या होत्या तेव्हा मोर सोबत होता. मानेपाशी दोन घरं चुकलीयत, पण उसवलं नाही म्हणाल्या, पुढे चालल्या. आता पिसाऱ्यासाठी दोन हिरवे होते, त्यातला कुठला घेऊ असं मला विचारत होत्या. मला दोन्ही सारखेच दिसत होते, तसं मी सांगितलं. "अहो, ट्यूबलाइटमध्ये नाही कळायचं, उजेडात चला." मग दोन्ही लड्या घेऊन आम्ही खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिलो.