फाईल बिघडलेली नाही, ती फक्त भलत्याच प्रोग्राममध्ये उघडायलीय

यावेळच्या बऱ्याच पत्रांत एकच दुखणं आहे, डबल क्लिक केलं की भलतंच काहीतरी उघडतं. म्हणून ही सगळी पत्रं एकत्रच घेतली.

प्रश्न : माझं जिंतूरला (जि. परभणी) ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आठ दिवसांपासून सगळ्या पीडीएफ वर्डमध्येच उघडायल्यात. सातबारा उघडला की आधी कन्व्हर्ट करू का म्हणून विचारतंय अन् मग तक्ता पार विस्कटून येतो. कॉम्प्युटरवाला म्हणायलाय विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावं लागंल. गिऱ्हाइकांची सगळी कागदं त्याच्यात आहेत, काय करू?

उत्तर : फॉरमॅट अजिबात मारू नका, आणि मारायचंच असा हट्ट कोणी धरला तर आधी पेनड्राइव्हवर सगळं काढून घेतल्याशिवाय मशीनला हात लावू देऊ नका. तुमचं विंडोजही ठीक आहे आणि सातबाराही ठीक आहे. फाईलच्या नावात शेवटी डॉट लावून जी अक्षरं असतात, पीडीएफ, जेपीजी, डॉकएक्स वगैरे, तेवढी बघून विंडोज ठरवतं की ही फाईल कोणाच्या हवाली करायची. ती नोंद कोणीतरी चुकून बदललीय, बहुतेक 'ओपन विथ' करताना वर्ड निवडून 'ऑलवेज' दाबलं गेलं असणार. वर्ड २०१३ पासून वर्डला पीडीएफ उघडता येते, पण ते तिचं रूपांतर करून दुसरी कॉपी दाखवतं, म्हणून तक्ता विस्कटतो. मूळ फाईल जागेवर जशीच्या तशी असते. ती वर्डमधली कॉपी मात्र प्रिंट करून देऊ नका, त्या कॉपीत डिजिटल सही राहत नाही, आणि शेतकऱ्याला बँकेतून परत पाठवलं तर त्याचा दिवस वाया जातो.

आता दुरुस्ती. कुठल्याही पीडीएफवर राइट क्लिक करा, 'ओपन विथ', मग 'चूज अनदर अ‍ॅप', तिथं तुमचा पीडीएफ रीडर निवडा. विंडोज १० असेल तर खाली 'ऑलवेज यूज धिस अ‍ॅप' ला टिक करून ओके, विंडोज ११ असेल तर सरळ 'ऑलवेज' चं बटण. बास, एकदा केलं की सगळ्या पीडीएफना लागू होतं. यानं नाही जमलं तर सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डिफॉल्ट अ‍ॅप्स असं जा, विंडोज ११ मध्ये वरच्या चौकटीत डॉट पीडीएफ टाइप केलं की सध्या कोण बसलंय ते दिसतं आणि बदलताही येतं.

दोन गोष्टी करू नका. एक, नाव बदलून पीडीएफचं डॉक किंवा डॉकचं पीडीएफ करायचं नाही, नाव बदललं तरी आतला माल तोच राहतो आणि मग तर कुठंच उघडत नाही. दुसरं, नेटवरून रजिस्ट्रीची (विंडोजच्या सगळ्या सेटिंगची नोंदवही) तयार फाईल उतरवून चालवायची नाही. विंडोज ८ पासून तुमच्या निवडीसोबत एक हॅश, म्हणजे पडताळणीचा खुणेचा कोड, साठवलेला असतो, तो जुळला नाही तर विंडोज ती नोंद मानत नाही आणि आपलं डिफॉल्ट परत बसवतं, त्यामुळं त्या फाईलींनी काम तर होत नाहीच, वर धोका वेगळा.

प्रश्न : औशाच्या (जि. लातूर) शाळेत शिक्षक आहे. लॅबमधल्या एका विंडोज ७ च्या मशीनवर डेस्कटॉपचे सगळे आयकॉन एकसारखे झालेत अन् कशावरही क्लिक केलं तरी मीडिया प्लेयरच उघडतो. व्हायरस आहे का?

उत्तर : सर, व्हायरस असण्यापेक्षा पोरांचा हात लागला असण्याची शक्यता जास्त, आणि पोरांना रागावूही नका, असंच शिकतात ती. डेस्कटॉपवरचे बहुतेक आयकॉन हे शॉर्टकट असतात आणि त्यांच्या नावाला एलएनके ही शेपटी असते, ती विंडोज दाखवत नाही. तीच मीडिया प्लेयरला जोडली गेलीय. आधी खात्री करा, नवीन युजर अकाउंट उघडून त्यात बघा, तिथं सगळं नीट दिसलं तर बिघाड फक्त जुन्या युजरच्या सेटिंगमध्ये आहे.

मग जुन्या युजरमध्ये येऊन विंडोजचं बटण आणि आर दाबा, रेजएडिट टाइप करा. एचकी करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर, फाईलएक्स्ट्स असं खाली खाली जा, तिथं डॉट एलएनके च्या आत युजरचॉइस दिसेल. आधी डॉट एलएनके वर राइट क्लिक करून एक्सपोर्टनं बॅकअप घ्या, मग फक्त युजरचॉइस डिलीट करा, लॉगऑफ होऊन परत या. बाकी कशालाही हात नको, रजिस्ट्रीत एक चूक महाग पडते. आणि विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, हे मशीन नेटला न जोडता टायपिंगपुरतं ठेवलेलं बरं.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाईल कॉम्प्युटरवर घेतली तर तिला पुढं काहीच नाही, नुसतं नाव अन् पांढरा कागद. कशात उघडू? (वाचक, हिंगोली)

उत्तर : पाठवणाऱ्याला फोन करून काय पाठवलं ते विचारा, सगळ्यात सोपं. तो सापडत नसेल तर नोटपॅड उघडा, फाईल त्यात ओढून टाका आणि फक्त पहिली अक्षरं बघा, बाकीचा कचरा सोडून द्या. टक्क्याचं चिन्ह आणि इंग्रजी पीडीएफ दिसलं तर ती पीडीएफ. सुरुवातीलाच पीएनजी किंवा जेएफआयएफ दिसलं तर फोटो. पीके दिसलं तर झिप प्रकारातली, वर्ड आणि एक्सेलच्या नव्या फाईलीही आतून झिपच असतात. ही पीके अक्षरं झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झच्या नावाची आहेत. पण मोबाईलचं एपीके (अ‍ॅप बसवायची फाईल) सुद्धा पीकेनंच सुरू होतं, आणि लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलान म्हणून एपीके पाठवून खाती रिकामी करायचे प्रकार झालेत, तेव्हा पीके दिसलं आणि पाठवणारा अनोळखी असला तर उघडूच नका. एमझेड दिसलं तर तो प्रोग्राम आहे, सरळ डिलीट करा. ओळख पटली की नावापुढं योग्य शेपटी लावा, नोटपॅडमध्ये सेव्ह मात्र करू नका, त्यानं फाईल खरंच बिघडते.

सोबत सगळ्यांनीच कुठलंही फोल्डर उघडून त्याच्या व्ह्यू मेनूत जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून ठेवा, म्हणजे बिल.पीडीएफ.ईएक्सई असलं, पीडीएफ भासवणाऱ्या प्रोग्रामचं सोंग लगेच उघडं पडतं.

प्रश्न : बचत गटाच्या बायकांचे खाते नंबर सीएसव्हीमध्ये (स्वल्पविराम टाकून केलेली साधी यादी) आले, एक्सेलमध्ये उघडले तर पुढचे शून्य गायब अन् काही नंबरांचे शेवटचे आकडे शून्य झालेत. (गेवराई, जि. बीड)

उत्तर : ताई, एक्सेल त्या खाते नंबरांना हिशेबाचे आकडे समजतं, म्हणून पुढचे शून्य उडवतं आणि १५ आकड्यांच्या पुढचं सगळं शून्य करतं. सीएसव्हीवर डबल क्लिक न करता रिकामं एक्सेल उघडा, डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाईल ओरिजिनला यूटीएफ-८ निवडा म्हणजे मराठी नावं नीट येतील, आणि डेटा टाइपच्या जागी 'डू नॉट डिटेक्ट' करून लोड करा. एक्सेलमध्ये एकदा सेव्ह केलेल्या फाईलमधले गेलेले आकडे परत येत नाहीत, त्यामुळं मूळ फाईल पुन्हा मागवून घ्या आणि पैसे टाकायच्या आधी प्रत्येक नंबर पासबुकाशी जुळवून बघा.