सह्याद्रीतल्या धनगरांच्या जुन्या झोपड्या कशा बांधत?

तुम्ही विचारलंय की मेंढपाळांची जुनी झोपडी कशी बांधायचे आणि ती मोडीत का निघाली. आधी एक घोळ निस्तरतो. मेंढ्या राखणाऱ्या धनगराचं बिऱ्हाड वर्षातले कित्येक महिने पाठीवरच असतं. दिवाळी झाली की फलटणकडचे वाडे, म्हणजे मेंढपाळांचे तांडे, घाट उतरून कोकणात जातात. संसार घोड्यावर, रात्री मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण. शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतो, बदल्यात धान्य देतो, मग मुक्काम हलतो. त्यांना झोपडी बांधून करायचंय काय?

तुमच्या मनात आहे ती झोपडी बहुतेक गवळी धनगरांची, म्हणजे म्हशीवाल्यांची. कोयनेच्या दोन्ही अंगांना, डोंगरमाथ्यावर यांचे धनगरवाडे, म्हणजे कायमच्या वस्त्या. म्हशीला त्या पावसात छप्पर लागतंच. म्हणून माझं मत असं, की ते घर म्हणजे मुळात गोठा; माणसं त्यात एका कडेला राहतात.

ऐन-जांभळीच्या मेढी, म्हणजे टोकाला बेचकं असलेले खांब, जमिनीत पुरायच्या, बेचक्यांत आढं बसवायचं, त्यावरून दोन्हीकडे वासे सोडायचे. खिळा कुठेच नाही. केवणीची, म्हणजे मुरुडशेंगेची साल सोलून तिच्या दोरानं सगळं आवळायचं. भिंती कारवीच्या. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि मरते. मागे उरतात त्या सरळसोट काठ्या. त्यांचा कूड बांधून आतबाहेर शेणमाती लिंपायची. वर गवत, आणि दर उन्हाळ्याच्या शेवटी शाकारणी. वळचण इतकी खाली की आत शिरताना कमरेत वाकावं लागतं. वारा त्याशिवाय छप्पर ठेवायचा नाही.

अशा एका घरात आषाढात दोन रात्री काढल्यात. लिंपणावर बायकांच्या बोटांचे फराटे तसेच वाळलेले होते. कुडापलीकडे रात्रभर म्हशीचं रवंथ ऐकू येत होतं आणि तिची ऊब खरंच अलीकडे येत होती. धुराड्याचं नाव नाही. मला वाटलं, हे राहून गेलं असावं. घरातली आजी हसली, म्हणाली, "धूर गेला तर गवताला कीड लागंल की, बाबा." सकाळी सदऱ्यावर काजळीचे काळे ठिपके!

मोडतोड सुरू झाली ती १९६०च्या दशकात. कोयना धरणाचं पाणी चढलं, खालची गावं उठली आणि वरच्या वाड्यांच्या वाटा, बाजार तुटले. १९८५ला अभयारण्य झालं, मग कारवी तोडणंच गुन्हा. आता पत्रा आलाय. शाकारणीची कटकट गेली हे खरं, पण पाऊस लागला की घरात एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं, आणि एप्रिलात दुपारी घरातली माणसं बाहेर झाडाखाली येऊन बसतात.