भाड्याआधी मेंटेनन्स विचार

जालना रोडवर ऑफिस बघतोयस ना, मग भाडं किती हे नंतर विचार, मेंटेनन्स कशावर लावतात ते आधी विचार. आत मोजलास तर कार्पेट 400 फूट भरेल, पण बिल येईल 600 सुपर बिल्टअपवर, म्हणजे सामाईक जागेचा वाटा धरून. सहा रुपये फुटानं 3600. मालकाची जीएसटी नोंदणी असली तर त्यावर 18 टक्के म्हणजे 648 आणखी. जिना, लॉबी, लिफ्टचा वाटा त्या 200 फुटांत धरलेला असतो. चुकीचं नाही, पण माहीत पाहिजे.

खरी गोम पाण्यात आहे बघ. एका उन्हाळ्यात माझ्या बिलावर 'टँकर' अशी एक ओळ आली, एप्रिल ते जून. करारात फक्त 'इतर खर्च प्रत्यक्षाप्रमाणे' एवढंच लिहिलेलं. माझ्या ऑफिसात एक बेसिन, आणि खालच्या हॉटेलाचं पाणी आम्हा सगळ्यांत फुटांवर वाटलेलं! तेव्हापासून मी टँकर, जनरेटरचं डिझेल, लिफ्टची दुरुस्ती यांची वाटणी कशी ते करारातच लिहून घेतो. जनरेटरला वेगळं सबमीटर मागायचं. मागच्या वर्षभराची मेंटेनन्सची बिलंही माग. द्यायला कुरकुर केली की समजून जा.

रंगरंगोटी, नवी लिफ्ट हे मालकाचं काम, ते तुझ्या माथी येऊ देऊ नको. दरवर्षीची वाढ भाड्यावरच की मेंटेनन्सवरही, तेही विचार. आणि लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे जागा वापरायला देण्याचा करार, नोंदवूनच घे, अकरा महिन्यांचं असलं तरी.